बाईसाहेबांचं सुटलेलं पोट

४ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. कंबर धरलीय, म्हणून कागदावरच घालतो. परवा आयाळवाल्या लांडग्याच्या पिंजऱ्यात पाण्याचं टाकं सरकवायला गेलो आणि तिथेच कमान होऊन राहिलो. तो शेजारी उभा राहून केळं खात होता. हा लांडगा नुसता नावाचा. दिसतो कोल्ह्यासारखा, पण कुणाचे तरी लांब काळे मोजे उसने घालून आलेला. बावीस वर्षं या प्राणिसंग्रहालयात कुत्र्यांच्या रानटी भावकीची सेवा करतोय, पण भावकी ती भावकीच. पाठ मोडली तरी कुणी विचारत नाही.

फोन करून सांगितलं असतं, पण तू तो तारेसकट कपाटात ठेवलायस त्याला तीन वर्षं झाली. चूक माझी होती हे मी मागच्या नऊ पत्रांत लिहिलंय, हे दहावं. असो. पत्राचा एक फायदा आहे, ते आपटता येत नाही.

बातमी अशी, की आमची कोळसून गाभण आहे. कोळसून म्हणजे रानकुत्रा. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, आणि एकमेकांना हाका मारायच्या तर शीळ घालतात. तुझ्या धंद्यातली गंमत सांगतो: कुत्र्याला बेचाळीस दात, यांना चाळीस. खालच्या जबड्यात दोन्हीकडे एकेक दाढ कमी. आमच्याकडे आता तीनच उरलीत. ही, हिचा नवरा आणि हिची धाकटी बहीण. बहिणीला सगळे मावशीच म्हणतात, कारण हिला पिल्लं होणार म्हटल्यावर ती आतापासूनच बिळाच्या तोंडाशी मुक्काम ठोकून बसलीय.

तुझ्या बाईसाहेब कशा आहेत? केस उगवले का? (हे थट्टेने. फोनवरच्यासारखं वाकडं घेऊ नकोस.)

तुझा
टिल्लू


११ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझी पन्नाशी उलटली आणि उंची सहा फूट झाली तरी मला दुसरं नाव सुचत नाही. कंबर शेक.

बाईसाहेबांना केस उगवलेले नाहीत आणि उगवणारही नाहीत. त्या बिनकेसाच्या जातीच्या आहेत, आणि असल्या कुत्र्या या अख्ख्या शहरात दोन. त्यातली दुसरी लंगडते. दात म्हणशील तर बाईसाहेबांना तुझ्या कोळसुनीहून कमी. या जातीला केसांबरोबर दातही कमीच मिळतात. मी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या करत आले, आणि घरात आणलं ते बोळकं. लोक म्हणतात, बाई, हिलाही एक करा की.

आमच्या दुर्मिळ कुत्र्यांच्या मंडळाचं प्रदर्शन मे महिन्यात आहे. मी चिटणीस, म्हणजे सतरंज्या मीच मोजायच्या. अध्यक्षबाईंच्या कुत्र्याच्या केसांच्या सुतळ्या झाल्यात, आंघोळ घातली की तो दोन दिवस ओला असतो आणि दालनभर कुबट वास सुटतो. पण बोलायची सोय नाही. एका निवृत्त वैमानिकांचा कुत्रा आहे, प्रत्येक पायाला सहा बोटं. तो जिना चढताना मी बोटं मोजते, आणि ते गृहस्थ मला मोजताना बघतात.

बाईसाहेबांसाठी लांबून स्थळ आलंय. मुलाच्या सात पिढ्या कागदावर आहेत. आपल्या दोनसुद्धा नाहीत. एप्रिलमध्ये पाहायला येणार. तेव्हा तुझ्या शीळ घालणाऱ्या भावकीचं कौतुक तुझ्यापाशी ठेव. आमच्याकडे असल्यांना दाराशी उभं करत नाहीत.

बाकी ठीक. बाईसाहेबांचं पोट जरा सुटलंय. थंडीत खाणं वाढलं असेल.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

पोट सुटलंय? ते तुझ्या लाडाने. सात पिढ्यांचा नवरदेव दारात आला आणि समोर भोपळा बसलेला दिसला तर स्थळ हातचं जाईल. खाणं निम्मं कर. रोज संध्याकाळी टेकडीपर्यंत चालव. तू रिक्षाने जाऊन तिला मांडीवर बसवतेस, त्याला चालवणं म्हणत नाहीत.

इथे झुडपी कुत्र्यांची एक मादी आहे, आखूड पायांची, बोटांत बदकासारखी कातडी. ती झाडावर खूण करायची तर पुढच्या दोन पायांवर उलटी उभी राहते आणि मग करते. मी खोटं सांगत नाही. बाईसाहेबांना असला व्यायाम लाव, आठ दिवसांत पोट आत.

कोळसून मजेत आहे. मावशी तिला बिळाबाहेर येऊ देत नाही. काल मी मांस टाकलं तर मावशीने उचलून आत नेऊन दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की जेवण गार आहे.

टिल्लू


२६ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं पत्र बाईसाहेबांना वाचून दाखवलं. त्या पलंगाखाली गेल्या त्या संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत. खाणं निम्मं करणार नाही. तुझं कर.

एक सहज विचारायचं होतं. माझं एक गिऱ्हाईक आहे, खालची कवळी, फार भली बाई. तिची कुत्री आहे. साधीच हो, काही विशेष नाही. तिला दिवस गेलेत आणि बापाचा पत्ता नाही. बाई एकटीच राहते, घाबरून गेलीय. तर बाळंतपणाला काय काय जवळ ठेवायचं? किती वेळ लागला म्हणजे डॉक्टरला बोलवायचं? आणि पिल्लांच्या अंगावर केस नसले तर ऊब किती द्यायची? म्हणजे जन्मतः फार नसतातच ना, तेवढंच विचारलं.

सविस्तर लिही. ती रोज येऊन विचारते.

ताई


२ मार्च

ताई,

तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, घाबरू नका. जुन्या चादरी, कोमट पाणी, स्वच्छ कात्री, दोरा. खोक्याच्या एका कडेला गरम पाण्याची पिशवी ठेवायची, मधोमध नाही, म्हणजे पिल्लांना उकडलं तर सरकता येईल. कळा सुरू होऊन दोन तास झाले आणि काहीच बाहेर आलं नाही तर डॉक्टर. बाकी सगळं तीच करेल. मधे मधे करू नका.

आणि पिल्लांना जन्मतः केस असतात, चांगले मऊ असतात. या बाईंना कवळीबरोबर चष्म्याचीही गरज दिसते.

बापाची चौकशी करायची तर लांब जायला नको. गल्लीत जो कुत्रा यांना बघून हल्ली तोंड फिरवून बसत असेल, तोच.

तू मात्र बाईसाहेबांना असल्या कुत्रीच्या शेजारी नेऊ नकोस. सात पिढ्या जपायच्यात.

टिल्लू


९ मार्च

ताई,

फोन लावून पाहिला. शेजाऱ्यांचाही लागत नाही. म्हणून हे पत्र सकाळच्या टपालाने टाकतोय, उद्या मिळेल.

कोळसून गेली. सहा तारखेला पिल्लं झाली, पाच. सात तारखेला तिला ताप भरला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं केलं. आठ तारखेला दुपारी गेली. दोन पिल्लं तिच्या मागोमाग गेली. तीन उरलीत. बाटली धरत नाहीत, धरली तर दूध पचत नाही. मावशीला दूध नाही, ती नुसती बिळात जाते आणि बाहेर येते.

दूध येणारी कुत्री हवी. निरोगी, सगळ्या लसी टोचलेली, शांत. रस्त्यावरची चालणार नाही, रोगाची भीती. तुमच्या मंडळात कुणाची व्यालेली आहे का? तुझ्या त्या गिऱ्हाइकाची व्याली का? लसी टोचल्यात का विचार. लवकर विचार.

मी ठीक आहे.

टिल्लू


१० मार्च

टिल्लू,

गिऱ्हाईक नाही. पोटही सुटलेलं नव्हतं. बाईसाहेब चार तारखेला बाळंत झाल्या. चार पिल्लं आहेत, लसी सगळ्या टोचल्यात, कागद बरोबर आणते. दूध इतकं आहे की चादर भिजते.

उद्या सकाळच्या गाडीने निघते. बाईसाहेब आणि चौघं टोपलीत. मी ज्यांच्यासाठी कवळ्या करते त्या तिन्ही दातांच्या डॉक्टरांना कळवलंय, की महिनाभर तोंडं मिटून बसा.

तू ठीक नाहीस. अक्षर बघितलं.

हसलास तर पुढच्या गाडीने परत जाईन.

ताई


१२ मार्च, खिडकीतून

ताई,

मी हसलो नाही. फाटकापाशी तू टोपलीवरचा टॉवेल काढलास आणि आतून दोन टकली आणि दोन पिवळ्या केसांची डोकी वर आली, तेव्हा मला जे झालं तो खोकला होता. डॉक्टरीणबाई साक्षीदार आहेत.

आता नियम. मी मोठ्या जनावरांत वावरतो, माझ्या बुटाला काय काय लागलेलं असेल सांगता येत नाही. त्यामुळे तीन आठवडे या विलगीकरणाच्या खोलीत मला बंदी. आत तू, बाईसाहेब आणि डॉक्टरीणबाई. काच जाड आहे, ऐकू जात नाही. जेवणाचा डबा मी खालच्या खिडकीतून सरकवेन, चिठ्ठी डब्याखाली असेल. तीन वर्षांनी बहीण घरी आली ती अशी, काचेच्या पेटीत. तिकीट लावलं तर चालेल का विचारतोय.

आणखी एक. रानटी पिल्लांना आम्ही नावं ठेवत नाही. उद्या त्यांना आपल्यांत जायचंय, माणसाच्या हाकेला ओ देता कामा नये.

टिल्लू


१३ मार्च

टिल्लू,

तुम्ही नावं ठेवत नाही? मग तुला इथे करमतं कसं? तुझा जन्म त्यातच गेला.

काल तू काचेला नाक लावून उभा होतास, पण तुला कोपरा दिसत नव्हता, म्हणून लिहिते. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही पिल्लांना आमच्या टोपलीतल्या चादरीने पुसलं, वर बाईसाहेबांचं दूध चोळलं, आणि एकेक करून आमच्या चौघांत सरकवलं. बाईसाहेबांनी हुंगलं. मग एकाला तोंडात उचललं. तिने ते खोलीच्या दाराशी नेऊन ठेवलं, अगदी अलगद, आणि परत येऊन बसली. म्हणजे, हे आमचं नाही, चुकून आलंय, घेऊन जा. आम्ही परत ठेवलं. तिने परत नेलं. तिसऱ्यांदा ठेवलं तेव्हा त्या पिल्लानेच तिच्या उघड्या पोटाला अंग लावलं आणि असं चिकटलं की सुटेना. केस नाहीत ना, पोट नुसतं तव्यासारखं गरम असतं तिचं. तिने माझ्याकडे बघितलं आणि उसासा टाकून आडवी झाली. पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत तेव्हा मी टाकते, अगदी तसा.

आता सातही लागलेत. सात जणांच्या चोखण्याचा आवाज येतो, ओल्या पायताणासारखा.

भाजीत मीठ नव्हतं.

ताई


१५ मार्च

ताई,

मीठ माझ्या डोळ्यांतून पडायचं बाकी होतं. दिवसभर मी कोल्ह्यांना लांडग्यांचं आणि लांडग्यांना कोल्ह्यांचं जेवण देत फिरतोय. कोणी तक्रार केली नाही.

तुझ्या चौघांपैकी दोन टकली आईवर गेलीत, समजलं. पण दोन पिवळी? आणि त्यातल्या एकाचा कान असा अर्धा पडलेला? सात पिढ्यांत असा कान कुणाचा होता?

टिल्लू


१६ मार्च

टिल्लू,

प्लास्टरच्या गोदामावरच्या पहारेकऱ्याचा.

म्हणजे पहारेकऱ्याच्या कुत्र्याचा. पिवळा आहे, एक कान अर्धा. दिवसभर दारात पसरलेला असतो, आल्यागेल्याला उठायचे कष्ट घेत नाही. साच्यांसाठी प्लास्टरची पोती आली तेव्हा दार उघडं राहिलं, तेवढ्या अर्ध्या तासात हा उठला. आता मला बघून तोंड फिरवून बसतो. तू लिहिलंस ते वाचून मी खिडकीतून बघितलं, तर खरंच.

मंडळात कुणाला सांगितलेलं नाही. अध्यक्षबाईंना कळलं तर चिटणीसपद जाईलच, शिवाय नोंदवहीतून बाईसाहेबांचं नाव खोडतील. आणि तुला का नाही सांगितलं, तर तू हसला असतास. तुझ्या हसण्याला मी भिते. मंडळाला इतकी भीत नाही.

सगळ्यात लहान कोळसुनाला मागून धरावं लागतं, बाकीचे ढकलतात. मी बोटाने धरून ठेवते.

ताई


१७ मार्च

ताई,

तू माझ्या हसण्याला भितेस हे वाचून डबा घेऊन उभाच राहिलो.

तेव्हा मी फोनवर काय बोललो ते मी कधी पत्रात लिहिलं नाही, नुसतं "चुकलो" लिहीत आलो. आज लिहितो. भावजींना जाऊन चार महिने झाले होते. तू आनंदाने सांगितलंस, की घरात कुत्री आणली, बिनकेसाची. आणि मी म्हणालो, "का, टक्कल बघितल्याशिवाय करमेना?" तू फोन ठेवलास, आणि मग तारच काढून टाकलीस.

मी चांगला बोलायला गेलो होतो, ताई. मला वाटलं, तू हसशील. तेव्हापासून कितीदा तरी ते वाक्य मनात उलटसुलट केलं. कुठल्याही बाजूने ते चांगलं दिसत नाही.

टिल्लू


१८ मार्च, सकाळी

टिल्लू,

लहान गेलं. सकाळी सातला. मी बोट लावून धरलं होतं आणि ते चोखायचं थांबलं. मला वाटलं, झोपलं.

बाईसाहेब त्याला चाटतच होत्या. डॉक्टरीणबाईंनी घ्यायला हात पुढे केला तर गुरगुरल्या. यांच्या तोंडून गुरगुर मी पहिल्यांदा ऐकली.

मी जास्त दाबून धरलं का?

ताई


१८ मार्च, दुपारी

ताई,

नाही.

ते पहिल्या दिवसापासून दुबळं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं की हे जगणार नाही, आणि मी ते तुझ्यापासून लपवलं, कारण तू बोट लावून बसली होतीस. लपवणं आपल्या घरात काही एकट्या तुलाच येतं असं नाही.

बाटलीवर ते आणखी अर्धा दिवस काढतं. तुझ्या बोटावर सहा दिवस जगलं, आणि गरम पोटापाशी गेलं. माझी बावीस वर्षं या धंद्यात गेलीत, याहून जास्त मला कुणासाठी करता आलेलं नाही.

जेव. आज मीठ बघून टाकलंय.

टिल्लू


२० मार्च

टिल्लू,

जेवले. मीठ दोनदा पडलंय. असू दे.

फोनचं लिहायचं राहिलं. मी रागाने ठेवला असं तू तीन वर्षं समजतोयस, आणि मी समजू दिलं. खरं सांगते. तू ते वाक्य बोललास आणि मला हसू फुटलं. यांच्या डोक्यावरून मी रोज सकाळी हात फिरवायचे, आणि ते म्हणायचे, पॉलिश नीट कर, कवळीचं करतेस तसं. ते सगळं एकदम आठवलं आणि हसू आवरेना. घरात बाकी कुणी नव्हतं. चार महिन्यांत त्या भिंतींनी माझं हसणं ऐकलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की फोन ठेवला. आणि तू पुन्हा काही बोलशील आणि मी पुन्हा हसेन, या भीतीने तारच काढली.

तेव्हा माफी कुणी मागायची ते ठरव. दहा पत्रं तुझी जास्त झालीत.

दोन कोळसुनांचे डोळे उघडायला लागलेत. निळे आहेत. आता काचेवरून नाक काढ, त्यांना पहिल्यांदा तूच दिसशील आणि बिचकतील.

ताई


६ मे

टिल्लू,

पोचले. तीन आठवडे काचेतून आणि पाच आठवडे तुझ्या खोलीत, आणि या शेवटच्या पाच आठवड्यांत मला एक चिठ्ठी लिहायला लागली नाही, म्हणून हात अवघडलाय. समोरासमोर भांडण्यात लिहायचं राहून जातं.

तू विचारशील म्हणून लिहिते. तो शेवटचा दिवस मला अजून जात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कोळसुनीची पिल्लं मांस खातात, यापुढे कुत्रीबरोबर राहिली तर कुत्रीच होतील, हे पटतं. पण दार लावलं आणि आतून दोघं दाराला नखं घासत होती, आणि बाईसाहेब बाहेरून. मी तिला उचलून चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. तूही बघितलं नाहीस, मला माहीत आहे, कारण तू माझ्यापुढेच पळत होतास.

घरी आल्यावर रोज सकाळी टोपलीतल्या चौघांना ती हुंगते, मग टोपलीमागे बघते, मग पलंगाखाली. मग परत येऊन चौघांना हुंगते. गणित जुळत नाही तिचं.

आणि इथे स्फोट झालाय. एप्रिलात तुमच्याकडे पिल्लं बघायला आलेल्या त्या वार्ताहराने काढलेला फोटो इथल्या पेपरातही आला. बाईसाहेब आडव्या, पोटाला दोन कोळसून, आणि शेजारी माझी दोन पिवळी ध्यानं, कान पडलेला बरोब्बर पुढे. अध्यक्षबाईंचं पत्र आलंय. रविवारी बैठक.

ताई


१४ मे

ताई,

बैठकीत काय झालं ते लगेच कळव. सुतळ्यांच्या कुत्र्याला पाण्यात बुडवून आणायचं असेल तर सांग, मी येतो.

इथे काळजी आहे. दोघांना मावशीच्या शेजारच्या पिंजऱ्यात ठेवलंय, मधे जाळी. पहिल्या दिवशी मावशी जाळीशी आली आणि बारीक शीळ घातली. आणि आपल्या दोघांनी काय करावं? भुंकले! "भू भू" असं स्वच्छ, गल्लीतल्यासारखं. मावशी अंग चोरून मागे सरली. त्यांचा बाप तर तिकडे फिरकतच नाही. हुंगायला गेलं तर बाईसाहेबांचा वास, बोलायला गेलं तर ही भाषा.

महिनाअखेरीला जाळी उघडायची असं ठरतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, जितका उशीर तितकं अवघड. पण कोळसून परक्या पिल्लाला मारूही शकतात. हे मी तुला लपवून ठेवणार होतो. मग म्हटलं, नको.

टिल्लू


२२ मे

टिल्लू,

चिटणीसपद गेलं, नोंदवहीतलं नाव खोडलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही जातीला बट्टा लावलात." मी म्हटलं, "बट्टा नाही बाई, कान लावला." कोणी हसलं नाही. फक्त सहा बोटांच्या कुत्र्याचे वैमानिक रुमालात तोंड घालून बसले होते. बाहेर पडल्यावर पायऱ्यांवर गाठून हळूच म्हणाले, "ते पडक्या कानाचं कुणाला दिलंय का?" दिलं. दुसरं पिवळं पहारेकऱ्याने मागितलं. बापाच्या शेजारी दारात पसरलंय, आणि बाप आता माझ्याकडे तोंड करून बसतो. टकली दोन माझ्याकडेच राहणार. सात पिढ्यांच्या नवरदेवाकडचे कळवतात की विचार बदलला. आमचाही.

सतरंज्या आता दुसऱ्या कुणी मोजाव्यात.

जाळी उघडाल त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना हाताशी ठेव, पाण्याचा पाइप हाताशी ठेव, आणि काय झालं ते मला खरं लिही. वाईट असलं तरी.

ताई


२ जून

ताई,

खरं लिहितो, पहिल्यापासून.

काल सकाळी आठला जाळी उघडली. मी पाइप धरून, डॉक्टरीणबाई भुलीची बंदूक घेऊन, शिवाय वाघांचा आणि अस्वलांचा असे दोन रखवालदार. दोघं आधी आपल्याच बाजूला बसून राहिले. मग थोरला, तुझ्या ब्लाउजची बाही फाडलेली तो, निघाला. शेपटी हलवत. कुत्र्यासारखी, डावीउजवीकडे.

मावशी आली ती धावतच आली. थोरल्याला पंजाने पाडलं आणि त्याचं अख्खं तोंड आपल्या जबड्यात घेऊन जमिनीला दाबून धरलं. तो किंचाळला. मी नळ सोडला होता, ताई, पाणी पाइपच्या तोंडाशी आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला. "थांबा. रक्त आहे का बघा." रक्त नव्हतं. मावशी नुसती धरून होती. तो निपचित झाला, पोट वर केलं, तेव्हा सोडलं. धाकटं स्वतःच येऊन त्याच्या शेजारी उताणं पडलं. मावशीने दोघांना नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं. बाईसाहेबांचा वास जिथे जिथे उरला असेल तिथे तिथे. मग ती उठली आणि पार टोकाला झाडामागे निघून गेली. पाठ करून बसली. साडेआठ वाजले, नऊ वाजले. दोघं तिथेच पडून. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, नाही जमलं, आत घेऊ या. त्यांनी घड्याळ बघितलं आणि बंदूक तशीच धरून ठेवली.

साडेनऊला मावशी झाडामागून आली. या वेळी चालत. सकाळी खाल्लेल्या मांसाने पोट तट्ट झालं होतं. दोघांच्या समोर येऊन उभी राहिली. थोरला उठून तिच्या तोंडाचा कोपरा चाटायला लागला. हे त्याला कुणी शिकवलं माहीत नाही, तू तर नक्की नाही. मावशीने मान खाली घातली, पाठीची कमान केली, अंग दोनदा आत ओढलं, आणि त्यांच्यापुढे ओकली.

तुला वाचताना किळस येईल, म्हणून सांगतो. कोळसून पिल्लांना असंच भरवतात. स्वतः खायचं, पोटात घालून आणायचं आणि घरातल्यांपुढे काढून ठेवायचं. फक्त घरातल्यांपुढे. परक्यासाठी त्यांचं पोट हलत नाही.

दोघं तुटून पडले. बाप लांबून बघत होता, तोही हळूहळू चालत आला आणि जरा अंतर ठेवून बसला. डॉक्टरीणबाईंनी बंदूक खाली ठेवली आणि टाळी वाजवली, मग आम्ही सगळेच वाजवायला लागलो. चार शहाणी माणसं, एका ओकारीसाठी. अस्वलांचा रखवालदार तर माझ्या गळ्यातच पडला, आणि माझ्या हातातला पाइप सुटून दोघंही नखशिखांत भिजलो.

संध्याकाळी गेलो तर चारही जणं एका ढिगात झोपली होती, कुणाचा पाय कुणाचा ते कळेना. मावशी सगळ्यांत वर.

बाईसाहेबांना उद्या सकाळी, त्या पलंगाखाली बघून येतील ना, तेव्हा जवळ बसवून सांग. म्हणावं, तुमची दोन्ही पोरं पोटभर जेवली.

टिल्लू